मान वळवायची नाही

एप्रिलमधल्या शुक्रवारी डोरीन कोवालचुक पायांत बर्फावरची जाळीची पावलं बांधून डोंगरात चढली आणि झाडांमध्ये एक नारिंगी ताडपत्री अंथरून आली. दर वसंतात ती हे करते, आणि जागा दर वेळी नवी असते. हॅलिच क्रीक गावाच्या शोधपथकातले वैमानिक हरवलेली विमानं आणि रानात चुकलेली माणसं शोधायला उडतात. सगळे आपापला कामधंदा सांभाळून येतात, पगार कुणालाच नाही. पण वर्षातून एकदा प्रत्येकाला डोरीनला शेजारी बसवून, ती ताडपत्री हवेतून शोधत, परीक्षा द्यावी लागते. ती पथकाची परीक्षक. तिची सही मिळाली तर वर्षभर शोधाला जायचं, नाही मिळाली तर जमिनीवर बसून कॉफी उकळायची.

शनिवारी सकाळी ग्लेन ओस्टरमनची पाळी होती. ग्लेन म्हणजे गावातल्या हार्डवेअर दुकानाचा मालक. विमानाची शेड त्याच्या पुढाकाराने उभी राहिली, तिच्या छताचे पत्रे त्याच्या दुकानातले, आणि पथकातला कुठलाही माणूस अडला की पहिला फोन त्यालाच. डाव्या बाजूला तो, उजव्या बाजूला डोरीन, आणि मागे टेहळणीला त्याची बायको व्हेर्ना आणि पोस्टातला ओरेस्ट.

"काय बाई, या वेळी कुठे लपवलीस? तुझ्या लसणाच्या वाफ्यात?" ग्लेनने विमान वर घेता घेता विचारलं.

"पुढे बघ," डोरीन म्हणाली.

"बघतोच आहे. गेली चाळीस वर्षं पुढेच बघतोय. व्हेर्नाला विचार."

 मागे व्हेर्नाने मांडीवरची कागदी पिशवी सारखी केली. विमानात तिला मळमळतं, तरी ती जाते.

दरीत उतरेपर्यंत सगळं सुरेख चाललं होतं. ग्लेनचा हात हलका आहे, हे डोरीनही नाकारत नाही. तो वरच्या टोकाकडून उताराच्या दिशेने उतरला, दरीची एक बाजू धरून राहिला, वळायला जागा ठेवली. सगळं पुस्तकातल्यासारखं. आणि तेवढ्यात व्हेर्ना म्हणाली, "दिसली. डावीकडे, नऊच्या काट्यावर, खाली."

आता नियम असा की टेहळणीवाल्याला काहीही दिसू दे, वैमानिकाने मान वळवायची नाही. मागच्याने सांगायचं, शेजारच्याने नकाशावर खूण करायची आणि वैमानिकाने फक्त विमान सांभाळायचं. खाली काय आहे ते बघणं त्याचं कामच नाही. पण ग्लेनची मान वळली. ताडपत्री नजरेतून सुटू नये म्हणून त्याने विमान तिच्याभोवती फिरवलं, फेरा आवळत नेला, आणि मान जिकडे गेली तिकडे हातही गेला. नाक वर होऊ लागलं. वेग उतरला. पंखांखालची हवा सुटायच्या आधी जो भोंगा वाजतो तो वाजला.

डोरीनने एक क्षण वाट पाहिली. परीक्षकाला तेवढा क्षण द्यावाच लागतो, चूक करणाऱ्याला ती आपली आपण कळते का हे बघण्यासाठी. ग्लेन अजून खालीच बघत होता. "अरे वा, त्या पडलेल्या देवदारामागे ठेवलीस होय," तो म्हणाला.

"विमान माझ्याकडे," डोरीन म्हणाली आणि तिने नाक खाली दाबलं, पंख सरळ केले आणि दरीतून बाहेर काढलं. खाली झाडांचे शेंडे एकेक मोजता येतील इतके जवळ आले होते.

 शेडपाशी उतरल्यावर ग्लेनने नेहमीसारखा खिशातून पेन काढून तिच्यापुढे धरला.

"या वेळी नाही, ग्लेन," ती म्हणाली.

तो हसला. त्याला वाटलं, चेष्टा आहे. मग तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहून तो म्हणाला, "एका भोंग्यासाठी?"

"भोंग्यासाठी नाही. भोंगा वाजल्यावरसुद्धा तू खालीच बघत होतास. आठवडाभर माझ्याबरोबर सराव कर, पुन्हा जाऊ. रोज घटकाभराचं काम आहे."

"मी? सराव?" ग्लेन म्हणाला, आणि पेन खिशात घालून गाडीकडे चालू लागला. व्हेर्ना कागदी पिशवी हातात धरून त्याच्या मागे गेली.

आता इथे ग्लेनच्या नजरेबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्या नजरेवरून घडलं. पुष्कळ वर्षांपूर्वी गावातल्या म्हाताऱ्या पाराशाबाई रानात अळंबी वेचायला गेल्या आणि वाट विसरल्या. दोन दिवस सगळं गाव शोधत होतं. मागे बसलेल्यांना दिसलं नाही ते ग्लेनला दिसलं, बाईंच्या डोक्यावरचा लाल फुलांचा रुमाल. बाई वाचल्या आणि नंतर पुष्कळ जगल्या. तेव्हापासून दर वर्षी चर्चच्या हॉलमध्ये ही गोष्ट सांगितली जाते, ग्लेनला देवाने गरुडाचे डोळे दिलेत म्हणतात, आणि तोही मान खाली घालून ते ऐकून घेतो. त्या दिवशी वैमानिकाने मान वळवली होती आणि त्या वळणात नशिबाने साथ दिली होती, एवढाच त्याचा अर्थ. पण चुकीचा शेवट गोड झाला की लोक तिला गुण म्हणू लागतात. देवाच्या दयेला आपली हुशारी समजण्यासारखं दुसरं पाप नाही, हे दर रविवारी ऐकणाऱ्या माणसांनाच ते कळू नये, याचा राग येतो.

आणि डोरीनला उडण्यातलं काय माहीत नव्हतं? तिने उमेदीची वर्षं मेट्रो नावाच्या आपल्या नवऱ्याबरोबर शेतांवर फवारणीची विमानं उडवण्यात घालवली. मेट्रोचं हृदय बंद पडल्यावर तिने फवारणी सोडली आणि गावातल्या पोरापोरींना उडायला शिकवू लागली. परीक्षक व्हायला नुसते उड्डाणाचे तास भरून भागत नाही. डोंगरातल्या उड्डाणाचं प्रशिक्षण वेगळं, दुसऱ्याची चूक किती वाढू द्यायची आणि कुठे हात घालायचा याचं वेगळं, आणि एवढं करून दर वर्षी बाहेरगावचा कुणीतरी येऊन परीक्षकाचीच परीक्षा घेतो. डोरीन त्या दिवशी न्याहारी करत नाही. "मलाही भीती वाटते," ती म्हणते. "वाटायलाच हवी."

तिच्या आधी परीक्षक होते नेस्टर हलुश्का. देवमाणूस. कुणाचं मन दुखवायचं म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. त्यांच्या काळात सही म्हणजे वाढदिवसाच्या शुभेच्छांसारखी होती, ज्याचा दिवस आला त्याला मिळायची. मग एका शरद ऋतूत पथकाचं विमान शोधाला गेलं आणि परत आलं नाही. ज्याच्या हातात ते होतं त्याने खाली काहीतरी निळं पाहिलं आणि त्याच्याभोवती तो फिरत राहिला, आवळत, आवळत. ते निळं म्हणजे शिकाऱ्यांनी टाकून दिलेलं प्लॅस्टिक होतं. चार जण गेले. अंत्यविधीनंतर हॉलमध्ये कॉफीच्या मोठ्या भांड्यापाशी डोरीन उभी होती आणि नेस्टर तिच्याजवळ येऊन म्हणाले, "मला माहीत होतं गं, तो खाली बघतो ते. मला माहीत होतं." पुढे ते कधी विमानाजवळ फिरकले नाहीत. ती जागा डोरीनने घेतली, आणि घेताना चर्चमध्ये मेणबत्ती लावून देवापुढे जे काही बोलायचं ते बोलली. काय बोलली हे तिने कुणाला सांगितलं नाही, पण ओळखणं अवघड नाही.

त्या चौघांची थडगी चर्चच्या मागेच आहेत. हॉलमध्ये जाणारी वाट त्यांच्या बाजूनेच जाते. त्याच वाटेने चालत जाऊन माणसांनी पुढचं सगळं बोलावं, हेच सहन होत नाही.

गुरुवारी हॉलमध्ये पेरोगी, म्हणजे पाण्यात उकळायच्या करंज्या, करायचा दिवस असतो. लांब टेबलांवर पीठ लाटलेलं, बटाट्याच्या सारणाच्या पराती, आणि बायका बोटांनी कडा चिमटत बसलेल्या. डोरीन आत आली, बाह्या वर करून नेहमीच्या जागी बसली. जरा वेळ सगळ्या फारच मन लावून चिमटत होत्या.

"ग्लेनने परवा माझ्या घरचा पंप दुरुस्त करून दिला," एक जण कुणाकडेही न बघता म्हणाली. "एक पैसा घेतला नाही."

"तो कुठे घेतो? तसाच आहे तो."

"हो ना. काही माणसं मदत करतात, काही नुसत्या चुका काढतात."

"डोरीन, अगं ही बघ तुझी पेरोगी उघडी राहिली. आता ही नापास म्हणायची का?"

टेबलभर हशा झाला. डोरीनने ती पेरोगी उचलली, कड पुन्हा चिमटली आणि ताटात ठेवली. "उघडी राहिली तर उकळत्या पाण्यात फुटते," ती म्हणाली. "तेव्हा पुन्हा चिमटायची. मी तरी दुसरं काय सांगितलंय त्याला?"

"पण तो स्वयंसेवक आहे गं," टेबलाच्या टोकाची म्हणाली, तिचा सूर खरोखरच समजावणीचा होता. "पगार घेतोय का? एवढं ताणायचं कशाला?"

"डोंगराला कोण सांगणार आमच्यापैकी कुणाला पगार नाही म्हणून?" डोरीन म्हणाली. "तू सांगतेस का?"

व्हेर्ना त्याच टेबलावर होती. तिने मान वर केली नाही. तिच्या कडा मात्र त्या दिवशी इतक्या घट्ट चिमटल्या गेल्या की शिजल्यावर कुणाला दातांनी तुटेनात.

पथकाचा अध्यक्ष स्टॅन मेलनिक. विम्याचा एजंट, गोड बोलणारा, सगळ्यांना खूश ठेवायची सवय लागलेला माणूस. तो डोरीनच्या स्वयंपाकघरात येऊन बसला, तिच्या हातचा खसखशीचा गोड रोल खाल्ला आणि मग विषयावर आला.

"हे बघ, तू चूक आहेस असं कुणीच म्हणत नाही."

"हॉलमध्ये सगळे तेच म्हणतायत."

"बायका बोलणारच. मी काय म्हणतो, ग्लेनला पुन्हा परीक्षेला बसवणं बरं दिसत नाही. माणूस दुखावलाय. तू फक्त सही कर, मी त्याच्याशी खासगीत बोलतो, मान वळवू नको म्हणून."

"तू बोलणार? तुला विमानात बसायची भीती वाटते, स्टॅन."

"म्हणूनच तर मी अध्यक्ष आहे," तो हसून म्हणाला. ती हसली नाही तेव्हा त्याने बशी बाजूला सारली. "माझा पुतण्या कर्ट आहे ना, त्याचे तास भरपूर झालेत. त्याला परीक्षक केलं तर तुझ्यावरचाही भार हलका होईल."

"त्याचे सगळे तास गव्हाच्या शेतांवरचे आहेत. तो दरीत एकदाही उतरलेला नाही."

"ती डोंगरातल्या प्रशिक्षणाची अट आपल्याच पथकाने घातलेली आहे, डोरीन. आपण घातली, आपण काढू शकतो."

"ती चार माणसं गाडल्यावर घातली होती," डोरीन म्हणाली आणि तिने उरलेला रोल फडक्यात गुंडाळून त्याच्या हातात दिला. पाहुण्याला रिकाम्या हातांनी पाठवायचं नाही, हे तिला तिच्या आईने शिकवलेलं. नाहीतर त्या दिवशी तिने त्याला काय दिलं असतं, देव जाणे.

मे महिन्यात रेडवे नावाचे दोन भाऊ डोंगरापलीकडून त्यांच्या छोट्या विमानातून निघाले आणि पोचले नाहीत. दुपार उलटून गेल्यावर पथकाला बोलावणं आलं. वरच्या खिंडींत अजून बर्फ होतं, पश्चिमेकडून ढग सरकत होते आणि पथकाच्या वैमानिकांपैकी गावात दोनच होते, डोरीन आणि ग्लेन. विमानंही दोनच. शोधायची जागा दोन भागांत पडत होती. उघड्या उतारांचा भाग, आणि बकहॉर्नची अरुंद दरी.

शेडसमोर स्टॅन कागद घेऊनच उभा होता. "डोरीन, सही कर. आत्ता. एक दिवसापुरती. माणसं बर्फात आहेत."

ग्लेन मागे हातमोजे चढवत होता. व्हेर्ना आणि ओरेस्ट त्याच्या विमानापाशी थांबले होते.

"ग्लेन," डोरीन म्हणाली, "बस विमानात. मी शेजारी बसते. इथल्याच टेकडीभोवती एक फेरी, व्हेर्ना काहीतरी दिसल्याचं सांगेल, तू मान सरळ ठेव. मी विमानातच सही करते, मग तू जा बकहॉर्नला आणि मी उतारांवर जाते. कॉफी प्यायला लागतो तेवढा वेळ."

"माणसं मरतायत आणि तू माझी परीक्षा घेणार?"

"हो."

"लोकांसमोर?"

"लोकांना घरी पाठवते हवं तर."

ग्लेनचा चेहरा लाल झाला होता. तो वाईट माणूस नाही, त्या क्षणीही नव्हता. त्याला खरंच जायचं होतं. पण त्या कॉफीपुरत्या वेळात त्याला जे गिळावं लागलं असतं ते त्याच्या घशाखाली उतरेना. "मी अशा परीक्षेला बसणार नाही," तो म्हणाला. "सही करायची असेल तर कर. नाहीतर त्या दोघांचं काय होईल ते तुझ्या डोक्यावर."

डोरीनने कागद स्टॅनला परत दिला आणि टेहळणीला दुसऱ्या दोघांना मागे घेऊन ती आपल्या विमानात चढली. उतारांचा भाग तिने फेरीमागून फेरी घालत संपवला. मागच्यांना काही दिसलं नाही. मग ती बकहॉर्नच्या तोंडाशी गेली, वरून एक फेरी घेतली, पण ढग दरीत उतरले होते आणि उजेड चालला होता. शिवाय वैमानिकाने दिवसात किती तास उडायचं यालाही मर्यादा असते, आणि तिचे तास संपत आले होते. जो नियम ग्लेनला, तोच तिला. ती परत फिरली. शेडपाशी ओरेस्टने तिला हात धरून खाली घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लष्कराच्या हेलिकॉप्टरला दोघे भाऊ सापडले. बकहॉर्नच्या दरीतच. जिवंत होते. पण रात्रीच्या थंडीत मोठ्याच्या एका पायाची बोटं काळी पडली होती आणि ती काढावी लागली.

यानंतर गावाला कुणी थांबवणार नव्हतं. काल सापडले असते, हे वाक्य दुकानात, पेट्रोल पंपावर, चर्चच्या पायऱ्यांवर सगळीकडे ऐकू येऊ लागलं. डोरीनच्या समोर कुणी म्हणत नसे, ती गेली की म्हणत, पण इतक्या लवकर की तिला ऐकू जावं. आणि डोरीनला ते सांगायची गरजच नव्हती. कदाचित सापडले असते. कदाचित ग्लेनने त्यांना पाहिलं असतं. ती प्रत्येक प्रार्थनेत त्या माणसाच्या बोटांपाशी अडकत होती, पुढचे शब्द तिला सुचत नव्हते. पण हेही तिला दिसत होतं की ते भाऊ जिथे पडले तिथे दरी इतकी चिंचोळी आहे की वळायला एकदाच जागा मिळते, आणि ग्लेनने त्यांना पाहिलं असतं म्हणजेच मान वळवली असती. मागे व्हेर्ना असती. ओरेस्ट असता. बोटांचा हिशेब सगळे करत होते. या माणसांचा कुणीच करत नव्हतं, कारण ती जिवंत होती, हॉलमध्ये बसून कोबीचे रोल खात होती.

फादर बोहदान प्रार्थनेनंतर तिच्यापाशी आले. "डोरीन, क्षमा हा मोठा गुण आहे," ते म्हणाले.

"मला त्याचा राग आलेला नाही, फादर. क्षमा कसली करू?"

"मग सही?"

"तुम्ही पापाची कबुली ऐकता," ती म्हणाली, "माणसाने कबूल न करताच कधी मुक्ती दिलीत?"

फादर लसूण कसा आलाय म्हणून विचारू लागले.

पथकाची बैठक हॉलमध्ये भरली. स्टॅनने दोन ठराव एकत्र मांडले. परीक्षकाला डोंगरातल्या प्रशिक्षणाची अट नको, आणि डोरीनच्या जागी कर्ट. तो बोलला छान. काळ बदलतो, स्वयंसेवक मिळत नाहीत, नियम माणसांसाठी असतात, माणसं नियमांसाठी नव्हे. लोक माना हलवत होते. ग्लेन पुढच्या रांगेत हातांची घडी घालून बसला होता.

"डोरीन, तुला काही बोलायचंय?" स्टॅनने विचारलं.

ती उठली. "नेस्टर सगळ्यांना सही द्यायचे," ती म्हणाली. "तेव्हाही सगळे खूश होते." आणि ती बसली. तिला याहून जास्त बोलता आलं असतं. पण मागच्या भिंतीवर त्या चौघांचे फोटो लावलेले होते आणि ज्यांना ते दिसत नव्हते त्यांना आणखी काय दाखवायचं?

"मग मतदान घेऊ," स्टॅन म्हणाला.

"थांब," मागून कुणीतरी म्हणालं. व्हेर्ना उभी होती. व्हेर्ना ओस्टरमन बैठकीत कधी बोलत नाही. ती आली की भांडी घासायला स्वयंपाकघरात जाते. आताही तिच्या हातात ओलं फडकं होतं.

"तो भोंगा मी त्या शनिवारी पहिल्यांदा ऐकला नव्हता," ती म्हणाली.

ग्लेनने मागे वळून पाहिलं.

"मागच्या उन्हाळ्यात वाजला होता. त्याच्या आधीच्या शरदातही. मला ठाऊक आहे, कारण तो वाजला की मी देवा दया कर, देवा दया कर म्हणत बसते, आणि ते संपेपर्यंत विमान सरळ होतं. आतापर्यंत होत आलं. मी घरी कधी काही बोलले नाही. ग्लेनला त्या रुमालाचा केवढा अभिमान आहे." तिने फडकं दुसऱ्या हातात घेतलं. "मला वाटायचं, मळमळतं म्हणून मला भीती वाटते. त्या दिवशी डोरीनने विमान काढून घेतलं तेव्हा कळलं, भीती खरी होती."

"व्हेर्ना," ग्लेन हळूच म्हणाला.

"तू मतदान कर, स्टॅन, कुणाला हवं त्याला परीक्षक कर. तुझ्या पुतण्याला कर. पण डोरीनची सही असल्याशिवाय मी याच्या मागे बसणार नाही. चाळीस वर्षं संसार केलाय, बायको म्हणून कुठेही जाईन. टेहळणीला नाही."

हॉलमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. ओरेस्ट उठला होता. तो नुसता उभा राहिला, आणि थोड्या वेळाने मागे बसणाऱ्यांपैकी आणखी दोघं उठली. आता पुढे वैमानिक कितीही असोत, मागे डोळेच नसतील तर शोधाला जाणार कोण? हे स्टॅनच्याही लक्षात आलं. त्याने घसा साफ केला आणि ठराव पुढच्या बैठकीवर ढकलला. तो आजतागायत पुढच्याच बैठकीवर आहे.

आणि इथे एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. त्या संध्याकाळी कॉफी झाली, केक कापला गेला, लोक एकमेकांना शुभरात्री म्हणत घरी गेले. एकानेही डोरीनजवळ येऊन, मी बोललो ते मागे घेतो, असं म्हटलं नाही. पुढच्या गुरुवारी पेरोगीच्या टेबलावर तिच्यासाठी जागा धरून ठेवलेली होती, बस्स. जणू काही झालंच नव्हतं. ज्या तोंडांनी त्या बाईच्या माथी एका माणसाची बोटं मारली, ती तोंडं त्याच आठवड्यात प्रसाद घ्यायला रांगेत उभी होती. देव सगळं विसरतो असं समजणाऱ्यांची हिंमत मोठी असते.

ग्लेन जूनमध्ये आला. डोरीन लसणाच्या वाफ्यात गुडघ्यांवर बसून तण काढत होती. तो कुंपणापाशी टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"ताडपत्री टाकलीस का कुठे?"

"टाकलेलीच आहे. मेपासून," ती न वळता म्हणाली. "वाऱ्याने उडाली नसली तर."

दुपारी ते उडाले. ग्लेन डावीकडे, डोरीन उजवीकडे, मागे व्हेर्ना आणि ओरेस्ट. या वेळी कुणी थट्टा केली नाही. दरीत उतरताना ग्लेनच्या मानेवर घाम आलेला डोरीनला दिसत होता.

"दिसली," व्हेर्ना म्हणाली. "उजवीकडे, तीनच्या काट्यावर. ओढ्याच्या अलीकडे."

ग्लेनची मान हलली. अगदी जराशी, गालावर माशी बसावी तशी. मग ती पुन्हा सरळ झाली. त्याचे जबडे आवळले होते, हातांची बोटं पांढरी पडली होती. "डोरीन, नकाशावर खूण कर," तो म्हणाला. आवाज घोगरा होता. "मी बाहेर काढतोय." विमान दरीतून नीट बाहेर आलं. भोंगा वाजला नाही.

मागून व्हेर्नाचा श्वास ऐकू आला. या वेळी ती देवाचं नाव घेत नव्हती.

शेडपाशी उतरल्यावर ग्लेनने खिशातून पेन काढलाच नाही. तो इंजिन बंद करून हातांकडे बघत बसला.

"मान हलली," डोरीन म्हणाली.

"हलली. ठाऊक आहे."

"मागच्यापेक्षा पुष्कळ कमी."

"पण हलली," तो म्हणाला. त्याने टोपी काढून केसांतून हात फिरवला. "उद्या?"

"उद्या रविवार. प्रार्थनेला यायचंय तुला," डोरीन दार उघडत म्हणाली. "परवा. आणि ताडपत्री हलवायला आज संध्याकाळी व्हेर्ना येईल माझ्याबरोबर. तू नाही, तुला जागा कळायला नको."